लांब शिट्टी

दादा, तू पडलास त्या वळणावर कुणीतरी पेला ठेवलाय.

छोटा काचेचा पेला, फेणीनं काठोकाठ भरलेला. शेजारी केळीच्या पानावर जाड रोट, अर्धी जळलेली मेणबत्ती आणि एक विडी. वाट राखणाऱ्या भुताला, राखणदाराला, ठेवतात तसं सगळं साग्रसंगीत. तुझं तेरावं आत्ता कुठे झालं आणि तू राखणदार झालाससुद्धा! ज्यानं जन्मात दारूचा थेंब ओठाला लावला नाही, विडी ओढताना सापडलेल्या पोरांना मैदानभर पळवलं, देवचार-राखणदार म्हणणाऱ्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं, त्याच्या नावानं फेणी. मला आधी हसू फुटलं. मग असा संताप आला की पेला उचलून खाली झाडीत भिरकावणार होते. हात पुढे गेला आणि थांबला. का थांबला ते तुला लिहून सांगायला बसलेय. मध्ये बोलू नकोस. एरवी कधी मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आता तरी गप ऐक.

तू निवृत्त झालास आणि त्याच सुमाराला आमचे हे गेले. तुझ्या हातात शाळेचं मैदान उरलं नाही, माझ्या हातात घर. मग तू दर रविवारी दारात उभा. पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला टोपी, गळ्यात ती पी.टी.ची शिट्टी. "चल गे बाय, घरांत बसून लोणचें जातलें तुजें." डिचोलीहून निघायचं, कधी मयेच्या तळ्याला वळसा घालून, कधी पेडण्याची बस धरून थेट सीमेकडच्या गावांत. शेतांच्या मेरांवरून, काजूंच्या भाटांतून, खाणीच्या लाल धुळीतून. लोकांना वाटायचं भाऊ-बहीण हवा खायला निघालीत. त्यांना काय ठाऊक, तू मला मारामाऱ्या दाखवायला न्यायचास.

वाटेत एखाद्या गावात मुक्तिलढ्याचं स्मारक आलं की तू थांबायचास. तिरंगी ऑइलपेंट लावलेला चौथरा, लोखंडी कठडा, वर्षातून एका दिवशी हार. तू नमस्कार करून पुढे जाणारा नव्हेस. तू तिथला मार करून दाखवायचास. पोलीस कुठून आले, बंदुकीचा दस्ता कसा फिरवला, कुठल्या बरगडीवर बसला, माणूस गुडघ्यावर कसा आला. भर दुपारी स्वतः मातीत गुडघ्यावर यायचास आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाया डोक्यावरचं ओझं धरून बघत राहायच्या. मी म्हणायचे, "दादा, पुरे. मला रात्री झोप येत नाही." तू म्हणायचास, "येवंकूच फावना, येताच कामा नये. हार घालून झोप येते म्हणूनच हार घालतात लोक."

पेडण्याकडच्या एका गावात कठड्यावर कुणीतरी आमसोलं वाळत घातली होती. तू शिट्टी फुंकून सगळा वाडा गोळा केलास. एक बाई हात पुसत बाहेर आली. तू तिला हुतात्म्याचा अपमान, देशाचा अपमान वगैरे सगळं ऐकवलंस. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हो हुतात्मो म्हजो आजो. ताणें केन्नाच म्हाका सोलां सुकोवं नाका म्हणूंक ना." तुझं तोंड एवढंसं झालं होतं. परतीच्या वाटेवर भाजी-पाव खाताना मी हसत होते आणि तू माझ्या ताटलीतला पाव रागानं उचलून खाल्लास.

पण ह्या सगळ्या वाटा शेवटी एकाच जागी जायच्या, बाबांच्या हातांपाशी. आपल्याला कळायला लागल्यापासून बाबांची बोटं मिटायची नाहीत. आई भात कालवून द्यायची, शर्टाची बटणं मी लावायची. लढ्याची पत्रकं वाटताना पकडले आणि चौकीत त्यांच्या तळव्यांवर लाकडी थापी चालवली. थापीला भोकं होती. मार बसला की तळव्याचं मांस त्या भोकांत ओढलं जायचं. हे बाबांनी कधी सांगितलं नाही. तू कुठून कुठून जमवलंस आणि मला सांगितलंस, माझाच हात उलटा धरून. बाबा मेले नाहीत म्हणून त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही, ह्याची तुला आग होती. त्यांच्या जन्मगावच्या स्मारकावर त्यांचं नाव घालावं म्हणून तू पंचायतीच्या मागे लागला होतास आणि ते होणारही होतं. तुला एवढंच हवं होतं. एक ओळ, रंगवलेली.

मग तो रविवार आला. बाबांच्याच गावाला गेलो होतो आपण. गावाच्या वेशीबाहेर आंब्याखाली राखणदाराचा दगड आहे, तोच, ज्याला बाबा दर वर्षी भातकापणी झाली की रोट घेऊन जायचे. आईनं भाजायचा, बाबांनी काखेत धरून न्यायचा. स्मारकाच्या कार्यक्रमाला कधी गेले नाहीत, पण रोट चुकवला नाही. तू त्यांना आयुष्यभर त्यावरून बोललास: मार खाल्लेला माणूस भुताला पोसतो म्हणून. त्या दिवशी दगडापुढे ताजा रोट आणि पेला होता आणि शेवंतीमावशी वाती लावत बसली होती. गावातली एवढीच एक म्हातारी जिनं बाबांना तरुणपणी बघितलं होतं. तू सवयीनं तिलाही झापायला लागलास, हा कोण देव, कुठला राखणदार म्हणून.

"देव खंयचो?" ती म्हणाली. "हो गुणाजी. पोलिसांचो खबरी."

तुला वाटलं तुझ्या ऐकण्यात चूक झाली. तिनं तुला बसवलं. आपल्याकडची रीत तुलाही ठाऊक होती: वाटेवर मार खाऊन मेलेला माणूस वाट धरून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतो, म्हणून त्याला खाऊपिऊ घालून त्या वाटेचाच राखणदार करायचं. गुणाजी ह्याच गावचा. पत्रकं कोण वाटतो ते त्यानंच चौकीवर सांगितलं होतं. बाबा सुटून आले त्याच आठवड्यात गावानं त्याला ह्या आंब्याखाली गाठलं. मुसळं होती, फावडी होती. बाहेर सांगितलं की गुणाजी सीमेपलीकडे पळाला. मग दोन गुरं मेली, एक मूल तळ्यात बुडालं आणि लोकांनी दगड पुजला.

"मारतना कोणेंच आवाज काडूंक ना," मावशी सांगत होती. "तो मात उदक मागतालो. हांव ल्हान चली, आवयच्या पदरा आड. तुमचो बापूय सगळ्यां उपरांत आयलो. हात पट्ट्यांनी बांदिल्ले. हातांनी खंय मारतलो, बाय? पांयान मारलो. गळ्यार. मागीर ताणें उदक मागूंक ना."

आणि वात सारखी करत म्हणाली, "पयलो रोटूय ताणेंच हाडलो." बाबांचा दर वर्षीचा रोट तिथून सुरू झाला होता.

तू उठलास. "खोटें! म्हातारे, तुजें डोकें फिरलां," असं ओरडलास आणि पाय उचललास. पेला दगडावर फुटला, रोट शेणात गेला, पणती मावशीच्या लुगड्यावर उडाली आणि तिचा पदर मी हातानं विझवला. माझ्या तळव्यावर अजून डाग आहे. तेव्हा मी ते बोलले. "बघ दादा, कुणाचा पाय आहे तो." तू माझ्यावर हात उगारलास. खाली आणला नाहीस, पण उगारलास. मग म्हणालास, "आतां म्हज्या वांगडा येवं नाका."

मी ते वाक्य मागे घेत नाही. तू गेलास म्हणूनही नाही. मला बाबांचा राग आला नव्हता, दादा. मला त्यांचा हात पहिल्यांदा समजला. जन्मात त्यांनी आपल्याला एक चापट मारली नाही, आणि आपण समजत होतो हात चालत नाही म्हणून. पाय चालत होता की! त्यांनी तो उचलला नाही. आईनं मीठ जास्त घातलं, दुकान बुडालं, तू नापास झालास, तरी नाही. हेच मला तुला सांगायचं होतं, बसमध्ये. तू पुढच्या सीटवर जाऊन बसलास आणि डिचोलीपर्यंत मान वळवली नाहीस.

त्यानंतर रविवारी तू एकटा जायचास. मी खिडकीतून टोपी बघायची. पंचायतीकडे पुन्हा गेलास की नाही, मला माहीत नाही. आणि त्या शेवटच्या रविवारी कुठे निघाला होतास, तेही कधी कळणार नाही. त्या वळणावरून सरळ गेलं तर मयेचं तळं, आणि डावीकडे गेलं तर पेडण्याची, म्हणजे बाबांच्या गावाकडची गाडी मिळते. तू वळणावरच पडलास. सरळ जाणार होतास की डावीकडे, हे कुणाला विचारू?

खनिजाचा टिपर ट्रक होता. वळणावर त्याला वेग आवरता आला नाही आणि तुला दरडीवर चिरडलं. शेजारच्या पोरीनं मला स्कूटरवरून आणलं. कुणीतरी तुझ्यावर चादर घातली होती, पण पाय बाहेर होते आणि एका पायात बूट नव्हता. कॅनव्हासचा पांढरा बूट लाल झाला होता. धुळीनं की कशानं, ते मी बघितलं नाही. एका बाईनं माझ्या हातात तुझी टोपी आणि शिट्टी दिली. शिट्टीची दोरी चिकट होती.

तिथे कुणीच रडत नव्हतं. सगळे पलीकडे होते, फणसाच्या झाडाखाली. मी गेले तर माणसांची पाठ आणि पाठ. मध्ये तो ड्रायव्हर. चाळिशीचा असेल, सिंधुदुर्गातला. त्याला फणसाला टेकवून धरला होता आणि लोक पाळीपाळीनं मारत होते. पट्टे होते, दगड होते. एक डोळा बंद झाला होता, तोंडातून दात आणि रक्त एकत्र येत होतं. आवाज कुणाचा नव्हता, फक्त मार बसल्याचा. समोर तुझा उल्हास होता, गॅरेजवाला, तुझ्या कबड्डीच्या टीमचा कॅप्टन. त्याच्या हातात चाकं खोलायचा पाना होता. त्यानं मला बघितलं आणि गर्दीला मागे सारून जागा केली, लग्नात मानाच्या माणसाला करतात तशी. "बाय, पयलीं तूं मार," म्हणाला. "मागीर आमी सोंपयतात."

तुला खरं सांगते, मला मारायचं होतं. तुझी चादर मागे होती आणि हा माणूस समोर श्वास घेत होता. पायात चामड्याची चप्पल होती. मी एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात तो काहीतरी म्हणाला. ओठ फुटलेले, शब्द नीट येत नव्हता. पण मला ऐकू आलं.

पाणी मागत होता.

मी शिट्टी तोंडात घातली. तुझं रक्त जिभेला लागलं, खारट. आणि जेवढा श्वास होता तेवढा फुंकला. लांब. मध्ये न तोडता. तुझी लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांब, हललास तर पोटऱ्यांवर छडी. डिचोलीतल्या दोन पिढ्यांना तू हे शिकवलंस.

थांबले, दादा. सगळे. उल्हासचा पाना वर उचललेला, तसाच हवेत राहिला. पट्टेवाला पट्टा मागे घेतलेला, तसाच. टकलं पडलेली, पोटं सुटलेली माणसं सातवीतल्या पोरांसारखी खांबासारखी उभी. मी गर्दीतून आत गेले, कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं, आणि श्वास संपला की पुन्हा शिट्टी फुंकत राहिले. पोलिसांची गाडी येईपर्यंत. नंतर उल्हास माझ्यापाशी येऊन लहान मुलासारखा रडला. "म्हाका दिसलें सर उठले," म्हणाला.

आता हे बघ. मी आयुष्य बालवाडीत काढलं. पोराला हात लावायचा नाही, ही माझी एकच शपथ, आणि तुझ्या छडीवरून आपण चाळीस वर्षं भांडलो. गणपतीत भांडलो, माझ्या मुलीच्या लग्नात भांडलो. उल्हास पोटरीवरचे वळ अजून दाखवतो, अभिमानानं. मी म्हणायचे, भीतीनं शिकलेलं माणूस विसरतं. ते विसरले नव्हते. तू घातलेल्या भीतीनंच त्या दिवशी एक माणूस वाचला, आणि तीच पोरं तुझ्याच मायेपोटी त्याला ठार मारायला निघाली होती. ह्यावर तुला काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "बघितलंस?" म्हणून बरं झालं नाहीस. छे, काय लिहिलं हे मी! खोडत नाही, राहू दे.

ड्रायव्हरला मी माफ केलेलं नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगते. लोक मला थोर म्हणायला लागलेत, ते मला सहन होत नाही. मी फक्त शिट्टी फुंकली.

तर वळणावर पेला. मी तो उचलणार तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक बाई धावत आली. अंगावर साधी साडी, हातात इस्पितळातल्या औषधांची पिशवी. माझ्या पायाशीच बसली.

"टाकू नका ओ तो पेलो," म्हणाली. "माजो घोव, तो डायवर, इस्पितळात आसा. अजून उठाक येना नाय. सर वाटेर अडाकले तर त्येका सोडूचे नाय. म्हणान ठेवलंय."

ती तुझ्यावर प्रेम करत नव्हती, दादा. तुला घाबरत होती. जशी ती माणसं गुणाजीला घाबरली. माझ्या डोक्यात तुझी सगळी भाषणं येऊन गेली. तिला मूर्ख म्हणावं, अंधश्रद्धा म्हणावं, शिट्टी फुंकावी. मी खाली बसले आणि म्हटलं, "फेणी नको ठेवू त्यांना. पीत नाहीत ते. चहा लागतो."

तिनं डोळे पुसले. "साखरेचो?"

"बिनसाखरेचा. डॉक्टरनी बंद केली होती."

तिथून मी घरी गेले नाही. मी डावीकडे वळले आणि पेडण्याची बस धरली. आईच्या हातासारखा रोट मला जमत नाही. शेवंतीमावशीकडे पीठ मागून तिच्याच चुलीवर भाजला, एका बाजूनं करपला. मावशीनं तुझं विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीला धरून उठली आणि माझ्याबरोबर आंब्याखाली आली. तुझ्या लाथेच्या काचा अजून तिथे मातीत होत्या. त्या मी वेचल्या.

नवीन पेला ठेवला. त्यात फेणी ओतली नाही. पाणी ओतलं.

मग गाऱ्हाणं घातलं. बायांनी घालायचं नसतं, पण मावशीनं अडवलं नाही. "बा राखणदारा म्हाराजा, गुणाजी तुजें नांव. तुवें आमचो घात केलो, आनी आमी तुजो केलो. म्हज्या बापायन तुका उदक दिवंक ना. म्हज्या भावान तुजो पेलो फोडलो. आज हांव उदक हाडलां, तें घे. म्हजो भाव आतां तुज्या सारकोच वाटेर उबो आसा. तो कोणाक अडयना, ताका कोण अडयना, अशें कर म्हाराजा. आनी त्या डायवराक पांयांर उबो कर."

"व्हय म्हाराजा," मावशी म्हणाली.

तिचा एकटीचाच आवाज. गाऱ्हाण्याला तेवढ्यानं भागत नाही, बाजूच्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, तुला ठाऊक आहे. मी हात जोडून तशीच उभी राहिले.

माझं सांगून झालं. दादा, आता बोल.